मुकादमाची तोंडपाठ सभा

डेलबर्ट कोट या माणसावर लिहायला येणारा प्रत्येक पेपरवाला आधी माझ्या कचेरीत येतो, कारण बर्फाच्या दिवसांत गाडी लावायला साफ केलेली जागा फक्त तिथेच असते. एकवीस वर्षं गावसभेचा अध्यक्ष, त्याच काळात तीनदा आमदार म्हणून राज्याच्या राजधानीत, माँटपेलिअरला, आणि माणसाला धड पानभर वाचता येत नाही! एवढं कळलं की त्यांच्या डोळ्यांत जी चमक येते ती मी आता लांबून ओळखते. त्यांना गोष्टीत एक प्रेमळ शिक्षिका हवी असते. तिनं त्याला ओळखलं, जवळ घेतलं, मग सगळं सुरळीत झालं. अशी शिक्षिका आमच्या ईस्ट हॅरोमध्ये नव्हती. जी होती तिनं त्याला सरपण आणायला पाठवलं.

त्यांच्या गोष्टीत मी मात्र कुठेच नसते. व्हर्ना हॅस्किन्स, चौतीस वर्षं गावाची चिटणीस. माझ्याकडून त्यांना फक्त तारखा हव्या असतात. व्हर्नाबाई, तुम्ही काय केलंत, असं आजवर कुणी विचारलं नाही. तेव्हा न विचारता सांगते.

आमच्या लहानपणी गावची शाळा एका खोलीची होती. मिस ऑल्ड्रिच शिकवायच्या. रोज एकच उतारा प्रत्येकानं उभं राहून वाचायचा. डेलबर्ट मागच्या बाकावर, म्हणून त्याची पाळी शेवटची. तोवर तो उतारा दहा-बारा वेळा त्याच्या कानावरून गेलेला असायचा. तो पुस्तक धरायचा आणि घडाघडा म्हणायचा. तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. चौथीत मिस ऑल्ड्रिचना संशय आला. त्यांनी एके दिवशी त्यालाच पहिला उभा केला आणि कुणीच न वाचलेलं पान काढून दिलं.

तो उभा राहिला. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. आणि मी हसले. सगळ्यांत आधी मी. माझं हसू घोगरं, नाकातून येणारं. आई म्हणायची की चार शेतांपलीकडून ओळखू येतं. मी हसले म्हणून वर्ग हसला. मिस ऑल्ड्रिच त्याला मठ्ठ म्हणाल्या आणि लाकडांच्या खोपटात धाडलं. पुढची चार वर्षं वाचनाच्या तासाला डेलबर्ट सरपण आणत होता. साऱ्या परगण्यात आमच्या वर्गाइतका उबदार वर्ग नव्हता.

आठवीनंतर तो रस्त्यांच्या टोळीत लागला आणि तिशीत तिचा मुकादम झाला. आमच्या गावात एकसष्ट मैल कच्चे रस्ते आहेत. कुठल्या मोरीचा पाइप कुठल्या साली घातला, कुणाच्या दारापुढे मार्चमध्ये गाडी चिखलात रुतते, हे त्याला विचारायचं. वहीत बघतो असं तो कधी म्हणाला नाही. त्याची डोक्यातली वहीच इतकी चोख होती की दुसरी कुठे दिसत नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. कचेरीचे कागद त्याची बायको आर्लीन भरून आणायची. आम्हाला वाटायचं, बायको हौशी आहे.

अध्यक्ष तो अपघातानं झाला. अठ्ठ्याहत्तर सालच्या सभेत जुन्या अध्यक्षांना ऐन गोंधळात चक्कर आली. त्यांना दवाखान्यात नेलं, पण मूळ ठराव काय होता, दुरुस्ती कुणाची, तिच्यावर पोटदुरुस्ती कुणाची, सगळ्याचा गुंता झालेला. माझं टिपणही अर्धवट. तेव्हा मागे दाराशी उभ्या असलेल्या डेलबर्टनं बोलायला सुरुवात केली. कोण काय म्हणालं, कुणी अनुमोदन दिलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. लोकांनी त्याला हाताला धरून पुढे आणलं आणि लाकडी हातोडा हातात दिला. त्यानंतर दरवर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी तोच अध्यक्ष. सख्खे भाऊसुद्धा त्या दिवशी त्याला अध्यक्षमहाराज म्हणायचे, आणि तो त्यांनाही दोन मिनिटांच्या वर बोलू द्यायचा नाही.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. आदल्या ऑक्टोबरात आर्लीन गेली. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी डेलबर्ट माझ्या कचेरीत आला. बुटांचा बर्फ दाराबाहेर झटकून आला, म्हणजे काहीतरी मागायला आला होता.

"व्हर्ना, सभेचं सूचनापत्र झालंय का गं?"

"झालंय. ते बघ टेबलावर. पंचांच्या सह्या दुपारी व्हायच्यात."

तो हलला नाही. टोपी हातात फिरवत राहिला. "मोठ्यानं वाचून दाखवतेस? चष्मा मोडलाय."

"तुला चष्मा कधी लागला रे?"

"मोडला तेव्हापासून."

"डेलबर्ट, दोनशे कुत्र्यांचे परवाने पडलेत माझ्यापुढे. तुला डोळे आहेत ना?"

"डोळे आहेत," तो म्हणाला. "आर्लीन नाही."

मी हातातला शिक्का खाली ठेवला. मिस ऑल्ड्रिचचा तो वर्ग आणि पुस्तक धरून उभा असलेला पोरगा, सगळं एकदम समोर आलं. मला आजच कळलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. चौथीपासून मला ठाऊक होतं. पुढे त्यानं इतकं छान निभावलं की ठाऊक नाही असं धरून चालणं मला सोयीचं पडलं.

मी वाचायला घेतलं. चांगलं वाचायला हवं होतं. मी मात्र लाज लपवायची म्हणून भराभरा, कारकुनी सुरात वाचलं. तो डोळे मिटून बसला. एकवीस विषय संपल्यावर म्हणाला, "नवव्यात कुठला पूल ते नाही आलं." मी घाईत एक ओळ गाळली होती. ती वाचली. तो उठला, टोपी घातली, "उपकार झाले" म्हणून गेला. एकदा ऐकून एकवीस विषय! मला घरची वाणसामानाची यादी पाठ राहत नाही.

दुपारी पंच सह्यांना आले आणि त्यांच्यामागून हॉलिस व्हीलॉक पाय आपटत आला. हॉलिसच्या गोठ्यात साठ गाई, आणि आवाज साठ गाईंना पुरेल एवढा. त्या वर्षी सभेपुढे एक मोठा प्रश्न होता: गावची शाळा बंद करून एकतीस मुलांना बसनं शेजारगावच्या मोठ्या शाळेत धाडायचं का. तीच आमची शाळा, नंतर दोन खोल्या वाढवलेली.

"शाळेचा विषय चौदावा?" हॉलिस गरजला. "चौदावा येईस्तोवर चार वाजतात. चारला आम्ही दूध काढायला गोठ्यात. मग मतं कोण देणार? फेल्प्ससाहेब आणि त्यांची मित्रमंडळी?"

फेल्प्ससाहेब म्हणजे कनेक्टिकटमधले निवृत्त वकील. नऊ वर्षांपूर्वी आमच्या गावात घर घेतलेले, म्हणजे आमच्या हिशेबानं कालच आलेले. शाळा बंद व्हावी असं त्यांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी कधी लपवलं नाही.

पंचांना हॉलिसचं म्हणणं पटलं. शाळेचा विषय चौदाव्यावरून सातव्यावर आला. सातवा होता नव्या आगीच्या बंबाचा, तो आठवा झाला, बाकीचे खाली सरकले. मी पुन्हा टंकून काढलं. सूचनापत्र सभेआधी तीस दिवस तीन ठिकाणी लागलंच पाहिजे असा कायदा आहे, आणि मुदत संपत आली होती. तसल्या बर्फात मी सभागृहाच्या दारावर, पोस्टात आणि दुकानात कागद लावून आले. डेलबर्टला सांगायचं राहिलं.

राहिलं म्हणते, पण ते अर्धंच खरं आहे. पंधरा दिवसांनी तो दुकानात भेटला. कॉफी घेत उभा होता. त्याच्या पाठीशी भिंतीवर मीच लावलेलं सूचनापत्र होतं. मला चटकन आठवलं.

"चष्मा झाला का?" मी विचारलं.

"होईल."

भोवती तीनचार माणसं होती. विषय मागेपुढे झालेत एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते म्हणजे, तुझ्या मागे लिहिलेलं तुला वाचता येत नाही हे मला माहीत आहे, असं चारचौघांत सांगणं. संध्याकाळी त्याच्या घरी जाता आलं असतं, नाही असं नाही. मी ठरवलं, त्याला कुणीतरी सांगितलंच असेल. मग आम्ही चिखलावर बोललो. यंदा लवकर होणार म्हणाला. भित्रेपणाला मी नाजूकपणा असं नाव दिलं आणि घरी आले.

सभेच्या दिवशी सभागृह कधी नव्हे इतकं भरलं. दीडशे माणसं, ओल्या लोकरीचा आणि मागच्या खोलीत भाजत ठेवलेल्या बीन्सचा वास. पहिला विषय अध्यक्षाची निवड. दरवर्षी मिनिटभरात उरकतो. त्या वर्षी कुणीतरी फेल्प्ससाहेबांचं नाव सुचवलं. एवढा नाजूक प्रश्न आहे, कायदा जाणणारा माणूस हवा, असं म्हणणं. साहेबांच्या काखेत सभेच्या नियमांचं जाड पुस्तकही होतं. हात वर करून मतं मोजली. डेलबर्ट अठ्ठ्याऐंशी, साहेब एकसष्ट. डेलबर्टनं हातोडा उचलला. त्यानं आर्लीननं विणलेला हिरवा स्वेटर घातला होता. नाकावर नवाकोरा चष्मा, दुकानातल्या फिरत्या स्टँडवरचा. तो बघून मला रडू यायला लागलं, कारण तो माझ्यासाठी होता. सबब खरी करून आला होता.

दोन ते सहा विषय झरझर गेले. हातात कागद धरून तो खणखणीत आवाजात वाचायचा, म्हणजे म्हणायचा. सातव्याला तो म्हणाला, "विषय सातवा. अग्निशमन दलासाठी नवा बंब घेण्यास गाव मान्यता देते काय."

सगळ्यांच्या मांडीवर छापील सूचनापत्र होतं. सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं.

"डेलबर्ट, सातवा शाळेचा आहे रे," पुढून एक बाई म्हणाली.

"चष्मा उलटा घातलाय काय?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सभागृह हसलं. वाईट हेतूनं नव्हे, पण हसलं. साठसत्तर माणसांचं हसू.

डेलबर्टनं कागदाकडे पाहिलं. मी त्याच्या उजव्या हाताला चिटणीसाच्या टेबलाशी, चार फुटांवर. त्याचे ओठ किंचित हलले. पस्तीस वर्षांपूर्वी हलले होते तसेच.

मग हॉलिस उठला. तो हसत नव्हता. "अध्यक्षमहाराज, हा काय प्रकार आहे? शाळेचा विषय सातवा लावून घेतला तो आम्हाला मत देता यावं म्हणून. आता बंब मध्ये घुसडताय. बंबावर दोन तास, मग जेवण, मग चार वाजणार. आम्ही गोठ्यात गेलो की शाळेचा निकाल लावणार, असंच ना? तुला कुणी पढवलं, डेलबर्ट? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

हसू बंद झालं. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी "शरम वाटू दे" म्हणालं. फेल्प्ससाहेब पुस्तक उघडून उभे राहिले आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "अध्यक्षमहाराज, छापलेला सातवा विषय जसाच्या तसा वाचावा, अशी विनंती आहे."

त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या हे मला स्वच्छ दिसलं. गप्प राहिला तर लबाड ठरणार. ज्या माणसानं सख्ख्या भावाला दोन मिनिटांवर बसवलं त्याला गावानं लबाड म्हणायचं. आणि लबाड ठरायचं नसेल तर पस्तीस वर्षं जे कुणाला कळू दिलं नाही ते दीडशे माणसांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मी उठायला हवं होतं. मी पेन्सिल हातात धरून बसून राहिले.

डेलबर्टनं चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला. शेजारी कागद ठेवला. त्याच्यावर हातोडा.

"हॉलिस," तो म्हणाला, "मी लपवाछपवी करतोय हे खरं आहे. पण ती ही नव्हे. मला वाचता येत नाही."

मग हॉलिसवरून नजर काढून तो साऱ्या सभागृहाकडे वळला.

"लहानपणापासून येत नाही. अक्षरं माझ्यापुढे एका जागी थांबत नाहीत. खूप प्रयत्न केला. माझ्या पोरीची पुस्तकं घेऊन बसलो, सैन्यातून आलेल्या एका माणसाला पैसे देऊन शिकवणी लावली. नाही आलं. पाच वर्षं आर्लीन मला सूचनापत्र वाचून दाखवायची, मी पाठ करायचो. या वर्षी एकदाच ऐकलं. तेव्हा सातवा बंबाचा होता. या कागदावर काय आहे ते मला ठाऊक नाही. दुसरा अध्यक्ष हवा असेल तर हातोडा हा इथे आहे, मी रागावणार नाही. पण मी मतदान लांबवत होतो असं कुणी घरी जाऊन सांगू नका."

कुणाकडून ऐकलं ते तो बोलला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यानं मला वाचवलं आणि त्यानंच मला उभं केलं. मी वही हातात घेऊन उठले. "त्याला मी वाचून दाखवलं होतं," मी म्हणाले. "त्याच दुपारी विषय बदलले. मी टंकले, मी तिन्ही ठिकाणी लावले आणि त्याला सांगितलं नाही. नंतर आठवलं, तेव्हाही सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून. ही चूक माझी आहे. त्याची एका शब्दाचीही नाही. टिपणात तसं लिहितेय."

आणि मी खरंच लिहिलं. अजून वहीत आहे, कुणालाही दाखवते.

"वाचता न येणारा माणूस सभा कशी चालवणार?" मागून कुणीतरी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. सगळ्यांच्या माना फेल्प्ससाहेबांकडे वळल्या. हातोडा टेबलावरच पडलेला. साहेबांनी नुसता हात पुढे केला असता तरी पुरे होतं.

साहेबांनी पुस्तक मिटलं. "नियमाचा मुद्दा आहे, अध्यक्षमहाराज. गेले तीन दिवस मी या राज्याचे कायदे चाळतोय. प्रामाणिकपणे सांगतो, तुम्हाला अडवायला काही सापडतं का ते बघत होतो. अध्यक्षानं सभा चालवावी असं लिहिलंय. अध्यक्षानं वाचावं असं कुठेही लिहिलेलं नाही. सातवा विषय चिटणीसबाईंनी वाचावा आणि आपण पुढे जावं." आणि ते बसले. त्या दिवसापासून मला तो माणूस आवडायला लागला, नाइलाजानं.

हॉलिस अजून उभाच होता. मान खाली घालून बुटाच्या टोकानं फरशी खरवडत होता. "अठरा वर्षांत माझी दुधाची गाडी एकदाही बर्फात अडकली नाही," तो म्हणाला. "रस्ता साफ करणाऱ्याला वाचता येतं का, असं माझ्या एकाही गाईनं मला विचारलं नाही. मी बोललो ते मागे घेतो. बस की आता हातोडा घेऊन, जेवायला उशीर होतोय."

"बोलायचं असेल तर परवानगी मागून बोल, हॉलिस," डेलबर्ट म्हणाला आणि हातोडा उचलला.

आता सभागृह जे हसलं ते ऐकायला बरं वाटलं.

पुढचे दोन तास मी जे पाहिलं ते पेपरवाल्यांना सांगून कळत नाही. मी विषय वाचून बसले आणि भांडण सुरू झालं. साहेबांनी चार भागांची दुरुस्ती मांडली: शाळा दोन वर्षांनी बंद करावी, लहान वर्ग इथेच ठेवावेत, इमारत विकू नये आणि बसचा मार्ग गावानं ठरवावा. कुणी तिचा दुसरा भाग काढला, कुणी चौथ्याला अट जोडली, कुणी काढलेला भाग वेगळ्या शब्दांत परत आणला. माझी पेन्सिल मोडली, दुसरी घेईपर्यंत मी हरवले. शेवटी खुद्द साहेब उठले, "अध्यक्षमहाराज, माझ्याच दुरुस्तीचं आता नक्की काय उरलंय?"

डेलबर्टनं डोळे मिटले. मग चार भाग ओळीनं सांगितले. कुठला कुणी बदलला, अनुमोदन कुणाचं, बाजूनं किती बोलले, विरोधात किती, आणि शेवटी, "श्रीमती ब्रिसन यांनी तीनदा हात वर केला आणि त्यांना अजून संधी मिळालेली नाही. बोला बाई." श्रीमती ब्रिसन पंच्याहत्तर वर्षांच्या, आवाज चिमणीएवढा. आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे यावर त्यांचा विश्वास बसेना.

मला वाटतं त्या क्षणी गावाला कळलं की हा माणूस इतकी वर्षं काय करत होता. आम्ही कागदावर लिहितो आणि निर्धास्त होऊन विसरतो. त्याला विसरणं परवडत नव्हतं, म्हणून तो माणसाचं बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचा. असं ऐकणारा माणूस मी नंतरही दुसरा पाहिला नाही. पुढे माँटपेलिअरला तो पहिल्याच वर्षी असा प्रसिद्ध झाला की कुणी आपला शब्द फिरवायला लागलं की बाकीचे म्हणायचे, थांबा, कोटांना विचारू. तिथेच विद्यापीठातल्या एका बाईंनी त्याला सांगितलं की या दुखण्याला डिस्लेक्सिया म्हणतात आणि त्याचा मठ्ठपणाशी काही संबंध नाही. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. मला येऊन म्हणाला, "व्हर्ना, त्याला नाव आहे."

शाळा त्या दिवशी नऊ मतांनी वाचली. ज्या शाळेनं त्याला लाकडं आणायला लावली तिच्यावर त्यानं राग धरला असता तर कुणी नावं ठेवली नसती, पण निकाल जाहीर करताना त्याच्या आवाजावरून कुणाला काही ओळखता आलं नाही. सहा वर्षांनी ती बंद झालीच. तेव्हाची सभाही त्यानंच चालवली.

त्या दिवशी सगळं उरकायला पाच वाजले. दूधवाले कधीच गेले होते. आम्ही दोघं सभागृहात खुर्च्या मिटत होतो. दरवर्षी तो थांबायचा, मुकादमाची सवय. मी तेवीस खुर्च्या मोजून मिटल्या. मग म्हणाले, "डेलबर्ट, आजची चूक मी सभेत सांगितली. दुसरी एक आहे, ती कुणालाच सांगितलेली नाही."

"चौथीतली," तो म्हणाला.

माझ्या हातात खुर्ची तशीच राहिली. "तुला माहीत होतं? पहिली मी हसले होते ते?"

"व्हर्ना, मी आवाजावर जगतो. तुझं हसू मला माहीत नसणार?"

"मग तरी माझ्याकडेच का आलास वाचून घ्यायला?"

"गावात चिटणीस एकच आहे," तो म्हणाला. मग हातातली खुर्ची भिंतीला लावली. "आज मी तो कागद धरून उभा होतो आणि सगळे हसले ना, तेव्हा मी ऐकत होतो. हॉलिसची बायको होती त्यात. माझा भाऊ होता. दुकानवाला होता. तुझं हसू शोधलं, व्हर्ना. अगदी नीट शोधलं. नव्हतं."

पस्तीस वर्षांचं रडू एकदम आलं आणि मी ते त्या रिकाम्या सभागृहात मोठ्यानं रडून घेतलं. तो खुर्च्या मिटत राहिला. बोलून समजूत काढणाऱ्यातला तो नाही.

"टेबलाचं ते टोक धर," तो थोड्या वेळानं म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी जरा सावकाश वाच. पूल गाळत जाऊ नकोस."

पुढची पंधरा वर्षं दर जानेवारीत मी त्याला सूचनापत्र वाचून दाखवलं. दोनदा. एकदा सह्यांच्या आधी, एकदा नंतर.